अमेरिकेतील कॉलेज खेळाडू: पैसे तर मिळू लागले, पण मालक कोण?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनक्षमता १ लाख ७ हजारांहून अधिक आहे, म्हणजे आपले वानखेडे स्टेडियम तीनदा भरेल एवढी. शरद ऋतूतल्या शनिवारी हे मैदान तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी फुलून जाते, सामना देशभर दूरचित्रवाणीवर दिसतो, मुख्य प्रशिक्षकाला वर्षाकाठी लाखो डॉलर मिळतात. परंतु ज्यांच्या खेळासाठी ही गर्दी जमते त्या विशीतल्या मुलांना, २०२१ पर्यंतच्या नियमांनुसार, शिक्षणाचा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च वगळता खेळाच्या जोरावर काहीही कमावता येत नव्हते. जाहिरातीत चेहरा दिसला, सही करून दिलेला टी-शर्ट विकला, कोणी विमानाचे तिकीट काढून दिले, तरी बंदी ओढवत असे.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना खेळाडूंचे मित्र आणि काही हौशी प्राध्यापक यांच्याखेरीज फारसे कोणी फिरकत नाही, त्यामुळे कॉलेजच्या खेळात एवढा पैसा असू शकतो हेच आधी पचनी पडत नाही. अमेरिकेत मात्र फुटबॉल (हेल्मेट घालून, हातात चेंडू धरून खेळला जाणारा त्यांचा फुटबॉल) आणि पुरुषांचे बास्केटबॉल हे दोन कॉलेज खेळ पूर्ण वाढलेले मनोरंजन-उद्योग आहेत. या खेळाडूंना पैसे द्यावेत का, हा प्रश्न तिथे शंभर वर्षे चघळला गेला. त्याचे निम्मे उत्तर मिळाले आहे, कारण १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. उरलेले निम्मे उत्तर अधिक अवघड आहे: पैसे घेणारा हा खेळाडू विद्यापीठाचा कर्मचारी आहे की केवळ विद्यार्थी, हे अजून ठरलेले नाही. माझ्या मते वादाचा गाभा पहिल्यापासून हाच होता आणि पैशांच्या चर्चेने तो फक्त झाकला गेला.

अमेरिकेतील पहिली आंतर-कॉलेज स्पर्धा १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर झाली. हार्वर्ड आणि येल यांच्यातली ती नौकाशर्यत होती आणि वल्ही मारणाऱ्या विद्यार्थ्यांचा सगळा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण त्या निमित्ताने प्रवासी आपल्या गाडीने सरोवराकडे येतील असा तिचा हिशेब होता. म्हणजे धंदा या खेळात नंतर शिरला असे म्हणण्याची सोयच नाही. पुढे फुटबॉल इतका दांडगाईचा झाला की १९०५ च्या हंगामात अनेक खेळाडू मैदानावर दगावले; राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले आणि त्या घडामोडींतून १९०६ साली जी संघटना उभी राहिली, तीच आजची नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए. खेळाडू हौशी असला पाहिजे, खेळाबद्दल त्याने मोबदला घेता कामा नये, हे तत्त्व या संघटनेने सुरुवातीलाच स्वीकारले. ते पाळले मात्र गेले नाही. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने केलेल्या पाहणीत ११२ पैकी ८१ महाविद्यालये खेळाडूंना या ना त्या मार्गाने आमिष किंवा पैसे देत असल्याचे आढळले. अखेर १९५६ साली, केवळ खेळाच्या गुणवत्तेवर दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीला एनसीएएने मान्यता दिली. हौशीपणाची व्याख्या बदलत गेली आणि प्रत्येक वेळी ती बदलणाऱ्यांत खेळाडू नव्हते.

नेमक्या त्याच सुमारास कोलोरॅडोत एक घटना घडली. फोर्ट लुइस या छोट्या कॉलेजच्या संघातून खेळणारा रे डेनिसन १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला आणि त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली मदतीची मागणी केली. फुटबॉल खेळणे हे कॉलेजसाठी केलेले काम होते, असा दावा होता. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. असे दावे पुढे यशस्वी होऊ लागले तर काय, या धास्तीने एनसीएएने खेळाडूंचा उल्लेख सर्व कागदपत्रांत ‘विद्यार्थी-खेळाडू’ असाच करण्याचा आग्रह धरला. १९५१ ते १९८८ अशी तब्बल सदतीस वर्षे संघटनेचा कारभार हाकणारे वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर याची उघड कबुली दिली, इतकेच नव्हे तर ते त्या व्यवस्थेचे टीकाकारही झाले. खेळाडूला कर्मचारी म्हणायचे नाही, हा निर्णय असा एका विधवेच्या भरपाईच्या दाव्याच्या छायेत झाला आहे. शिक्षणाच्या पावित्र्याचा संबंध नंतर जोडला गेला.

पैशांचा खरा पूर आला तो दूरचित्रवाणीमुळे. कोणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवत असे. ते नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात मोडून काढले आणि बडी विद्यापीठे आपापल्या गटांमार्फत प्रक्षेपणाचे हक्क विकायला मोकळी झाली. गंमत अशी की त्याच निकालपत्रात, मुद्द्याला सोडून ओघात आलेल्या एका वाक्यात, कॉलेज खेळाचे वैशिष्ट्य टिकवण्यासाठी खेळाडूंना पैसे देता कामा नयेत असे म्हटले होते, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे एनसीएए त्या एका वाक्याची ढाल पुढे करत राहिली. एनसीएएच्या मार्च महिन्यातील बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले आणि २०१६ साली आणखी आठ वर्षांची वाढ ८८० कोटी डॉलरना ठरली. बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल नसतो, कुलगुरू नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ साली आपले फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना करार संपण्याआधी काढले, तेव्हा कराराप्रमाणे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागू झाले. प्रशिक्षण न देण्याबद्दलचे हे पैसे होते. खेळाडूंना द्यायला पैसा नाही, हे म्हणणे या आकड्यापुढे टिकत नाही.

पैसे देऊ नयेत असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत जुना युक्तिवाद असा की खेळाडूंना मोबदला मिळतोच, तो शिक्षणाच्या रूपात मिळतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खासगी विद्यापीठातील चार वर्षांच्या शिक्षणाचा आणि निवासाचा खर्च लाखो डॉलरच्या घरात जातो, आणि ज्या घरांत पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशा कितीतरी घरांतील मुले खेळामुळे पदवीधर झाली आहेत. प्रश्न एवढाच की मिळणारे शिक्षण खरोखर शिक्षण असते का. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संस्थेत अठरा वर्षे असे अभ्यासक्रम चालवले गेले की ज्यांत तास होत नसत, एक निबंध दिला की चांगली श्रेणी मिळे आणि तो निबंध बहुतेकदा प्राध्यापकाऐवजी विभागातील एक कार्यालयीन कर्मचारी तपासत असे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यांतून गेले आणि त्यांत खेळाडूंचे प्रमाण फार मोठे होते. दुसरी अडचण वेळेची. नियमाप्रमाणे खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास घेता येतात. प्रत्यक्षात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कामगार संघटना स्थापण्यासाठी अर्ज केला, तेव्हा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने २०१४ साली असे नोंदवले की हंगामात हे खेळाडू आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. एवढे तास मैदानावर, व्यायामशाळेत आणि प्रवासात घालवल्यावर अभियांत्रिकीची प्रयोगशाळा कोण गाठणार?

या व्यवस्थेतली जोखीम कोणाच्या खांद्यावर होती हे पाहायचे असेल तर २० फेब्रुवारी २०१९ च्या रात्रीकडे पाहावे. ड्यूक विद्यापीठ विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना हा कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वांत गाजणारा सामना होता, माजी राष्ट्राध्यक्ष ओबामा प्रेक्षकांत बसले होते. सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नव्हते, तोच ड्यूकच्या झायन विल्यमसन या अठरा वर्षांच्या खेळाडूचा नायकेचा बूट वळताना टराटरा फाटला, पाऊल बाहेर आले आणि गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी नायकेचे समभाग घसरले. बूट कोणता घालायचा हे विल्यमसनने ठरवलेले नव्हते, ते ड्यूक आणि नायके यांच्यातील कराराने ठरवले होते आणि त्या कराराचे पैसे विद्यापीठाकडे जात होते. दुखापत गंभीर निघाली नाही आणि त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक बास्केटबॉलच्या निवडीत पहिलेच नाव त्याचे पुकारले गेले. पण मुळात तो कॉलेजात खेळत होता तो व्यावसायिक संघांच्या नियमामुळे, कारण एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्यांची दारे बंद असतात. फुटबॉलमध्ये तर शाळा संपल्यावर तीन वर्षे थांबावे लागते. ज्याला हौशी राहायचे नाही, त्याच्यापुढे देशात दुसरी वाट जवळपास नव्हतीच.

ही वाट अखेर न्यायालयातून निघाली, आणि तीही कामगार कायद्याच्या नव्हे तर मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधाराने. कायद्याचे तत्त्व साधे आहे: एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी संगनमत करून मजुरीचा दर ठरवायचा नाही. विद्यापीठे चांगल्या खेळाडूसाठी आपसांत चुरशीने स्पर्धा करतात, आणि तरीही कोणी शिष्यवृत्तीपेक्षा जास्त द्यायचे नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचाच खेळाडू दिसला, तेच टक्कल, तोच क्रमांक, तीच डावखुरी फेक. त्याबद्दल त्याला एक पैसाही मिळालेला नव्हता. २००९ साली त्याने खटला भरला आणि २०१४ साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएचे नियम कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. मग २१ जून २०२१ रोजी अ‍ॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने एनसीएएला हरवले. त्या खटल्याचा विषय मर्यादित होता, संगणक, पुढील शिक्षणाची शिष्यवृत्ती अशा शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादांचा, पगाराचा नव्हे. तथापि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून सांगितले की गिऱ्हाइकांना कमी पगाराचा आचारी आवडतो अशी सबब सांगून उपाहारगृहांना आचाऱ्यांचे पगार कापता येणार नाहीत आणि रुग्णसेवा अधिक निर्मळ व्हावी म्हणून रुग्णालयांना परिचारिकांचे उत्पन्न रोखता येणार नाही; कॉलेज खेळ याला अपवाद नाही. १९८४ ची ढाल त्या दिवशी निकामी झाली.

दरम्यान २०१९ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि ओळख विकण्याची मुभा दिली होती, मागोमाग इतर राज्ये धावली आणि १ जुलै २०२१ पासून एनसीएएने देशभर ती मुभा मान्य केली. मूळ कल्पना साधी होती: बुटाच्या कंपनीने, मोटारींच्या विक्रेत्याने खेळाडूला जाहिरातीचे पैसे द्यावेत. लवकरच श्रीमंत चाहत्यांनी वर्गणी गोळा करून मंडळे काढली आणि जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना सरळ आपल्या संघाकडे ओढायला सुरुवात केली. त्याच काळात संघ बदलण्यावरचे निर्बंधही सैल झाले, त्यामुळे दरवर्षी हजारो खेळाडू विद्यापीठे बदलू लागले. जे पैसे विद्यापीठांनी करार करून, अटी घालून, हिशेबात दाखवून द्यायचे, ते मागच्या दाराने आणि कोणत्याही शिस्तीविना आले.

या गोंधळावरचा उतारा म्हणून ‘हाउस’ खटल्यातील (ग्रँट हाउस या कॉलेज जलतरणपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील) तडजोड पुढे आली. ६ जून २०२५ रोजी तिला मंजुरी देणाऱ्या न्यायाधीश पुन्हा विल्केन याच. २०१६ पासून खेळलेल्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे, आणि यापुढे प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये थेट पैसे वाटण्याची मुभा, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, असे तिचे मुख्य कलम आहे. ६०० डॉलरपेक्षा मोठे बाहेरचे जाहिरात करार तपासून घ्यावे लागतात. संघातील खेळाडूंच्या संख्येवरही मर्यादा आली. बिनशिष्यवृत्तीचे, केवळ आवडीने संघात टिकलेले कितीतरी खेळाडू त्या मर्यादेमुळे बाहेर पडणार होते. विल्केन यांनी त्यासाठी मंजुरी रोखून धरली आणि अशा खेळाडूंसाठी वेगळी तरतूद करून घेतली.

आता विरोधकांचा जो आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो त्याकडे येतो. एनसीएएच्या छत्राखाली सुमारे अकराशे संस्था आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू आहेत. त्यांतला नफा मूठभर विद्यापीठांच्या दोनच खेळांत होतो. पोहणे, कुस्ती, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन, धावणे हे सगळे खेळ तोट्यात चालतात आणि त्यांचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नातून किंवा सामान्य विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. अमेरिकेत सरकारचे क्रीडाखाते आपल्यासारखे नाही. ऑलिंपिकला जाणारे तिचे बहुसंख्य खेळाडू कॉलेजांच्या याच तोट्याच्या संघांतून घडतात, आणि परदेशी खेळाडूही. आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमच्या टेनिस संघातूनच खेळलेली आहे. फुटबॉलचा पैसा फुटबॉलपटूंकडे गेला की पहिली कुऱ्हाड या खेळांवर पडेल, ही भीती खोटी नाही. परंतु या युक्तिवादाचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे: फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांतले कित्येक सामान्य परिस्थितीतून आलेले असतात, आणि नौकानयन किंवा गोल्फचा खर्च त्यांच्या न दिलेल्या मोबदल्यातून भागावा असे आपण म्हणत असतो. टेनिसचा संघ हवा असेल तर विद्यापीठाने तो शिक्षणाचा खर्च म्हणून उघडपणे करावा. साडेसात कोटी डॉलर प्रशिक्षकाला घरी बसवण्यासाठी निघतात, तेव्हा टेनिसची आठवण कोणाला होत नाही.

महिला खेळाडूंचा पेच त्याहून नाजूक आहे. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करण्यास मनाई केली आणि त्यामुळेच अमेरिकेत महिलांचे कॉलेज खेळ उभे राहिले. नव्या वाटपात मोठी विद्यापीठे साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला आणि सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला देताना दिसतात. हे पैसे शिष्यवृत्तीसारखेच मानले तर ते स्त्री-पुरुषांत प्रमाणशीर वाटले पाहिजेत. पगार किंवा प्रसिद्धीचा मोबदला मानले तर बाजार ठरवील तसे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने पहिला अर्थ लावला आणि सरकार बदलताच पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. भरपाईच्या वाटपाविरुद्ध काही महिला खेळाडूंनी अपील केले ते याच मुद्द्यावर.

इथे आपण पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. नॉर्थवेस्टर्नच्या अर्जावर कामगार मंडळाने २०१५ साली निर्णय द्यायचेच टाळले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला, पण वर्षाअखेरीस राजकीय वारे फिरल्याचे ओळखून अर्ज मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने खेळाडू कर्मचारी ठरू शकतात एवढे मान्य केले, ठरतातच असे म्हटले नाही. विद्यापीठांना कर्मचारी हे नाते नको आहे, कारण त्याबरोबर दुखापतीची भरपाई, किमान वेतन, संघटनेचा हक्क हे सगळे येते. मात्र त्यांना वाटपावरची मर्यादा हवी आहे. व्यावसायिक फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्येही एकूण पगारावर मर्यादा असते. ती कायद्यात बसते, कारण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते. कॉलेज खेळाडूंची संघटनाच मान्य नसेल तर दोन कोटी पाच लाखांची मर्यादा म्हणजे पुन्हा मालकांनी आपसांत ठरवलेला दर, फक्त शून्यापेक्षा मोठा. म्हणूनच विद्यापीठे काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मागत आहेत. ज्या दोन खेळांतून उत्पन्न होते त्यांतील मोठ्या संघांच्या खेळाडूंना कर्मचारी मानावे, त्यांच्या संघटनेशी करार करावा आणि उरलेल्या खेळांना विद्यार्थ्यांचे खेळ राहू द्यावे, हा मार्ग मला त्यापेक्षा सरळ वाटतो. विद्यार्थी राहून कर्मचारी होता येत नाही, असे तर नाहीच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा भोजनगृहात तासाच्या दराने काम करणारे हजारो विद्यार्थी आजही दोन्ही आहेत.

या मार्गात परदेशी विद्यार्थ्यांची मात्र पंचाईत आहे, आणि ज्यांची मुले टेनिस, स्क्वॉश किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या बळावर अमेरिकेत जाऊ पाहत आहेत त्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि आवाराबाहेरच्या कमाईवर कडक निर्बंध आहेत. सहकारी खेळाडू जाहिरातींचे करार करत असताना परदेशी खेळाडूला तोच करार व्हिसा गमावण्याच्या धोक्याचा ठरू शकतो, म्हणून काही जण सुटीत मायदेशी आल्यावरच चित्रीकरण उरकतात. उद्या खेळ हेच काम ठरले, तर ४० तासांचा सराव २० तासांच्या परवान्यात कसा बसवायचा, याचे उत्तर सध्याच्या व्हिसा नियमांत नाही. तोवर असा कोणताही कागद पुढे आला, तर सही करण्याआधी तो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि व्हिसा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवून घ्यावा.